डीबीपासून सॉकेटपर्यंत : घरात नवं पॉवर सर्किट टाकताना

रूम हीटरचा प्लग सॉकेटमधून निघता निघेना. जोर लावून ओढला, तर एक पिन तपकिरी पडलेली आणि सॉकेटचं त्या बाजूचं भोक वितळून वाकडं झालेलं. मेन बंद करून सॉकेट उघडलं. फेजचा स्क्रू बोटानं फिरत होता. ते सॉकेट बसवलं होतं मीच, दीड वर्षापूर्वी. आणि एवढ्या काळात एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून लाइन तोडणारा खटका, एकदाही पडला नव्हता.

तो पडणारही नव्हता. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. ढिल्या स्क्रूपाशी समजा अर्धा ओहम रोध तयार झाला, तर करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास ३८ वॅट उष्णता त्या एका टोकावर निर्माण होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी, तीही बंद प्लास्टिकच्या डबीत. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी मात्र ८.७ म्हणजे सगळं आलबेल. त्याला जास्तीचा करंट कळतो, शॉर्ट कळतो. ढिला स्क्रू कळत नाही. घरच्या वायरिंगमध्ये हा एक दोष असा आहे की नेहमीचं कुठलंच संरक्षण तो पकडत नाही, आणि नवशिक्याच्या हातून नेमका तोच राहतो. म्हणून पुढच्या मजकुरात वायर आणि एमसीबीइतकीच जागा स्क्रूंनाही दिली आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. अनेक देशांत नवं सर्किट टाकणं किंवा निदान ते डीबीत (घरातले सगळे एमसीबी जिथे असतात त्या मुख्य पेटीत) जोडणं हे परवानाधारक वायरमनचंच काम असतं, आणि नियम मोडून केलेल्या कामावर विम्याचा दावा अडकू शकतो. तुमच्याकडचा नियम आधी बघा. मी आता कामाची वाटणी करतो : आखणी, पाइप, वायर ओढणं आणि खोके बसवणं माझं, डीबीतली जोडणी आणि मीटर लावून तपासणी वायरमनची. सगळ्यात कष्टाचा आणि वेळखाऊ भाग आपल्या हातात राहतो, जिवावर बेतणारा भाग जाणकाराकडे जातो. खाली मात्र सगळंच लिहिलं आहे. डीबीत काय चाललंय ते कळत असेल, तर वायरमनच्या कामावरही नजर ठेवता येते.

लोडचा हिशेब

आधी ठरवा, खरंच नवं सर्किट हवं आहे का. फोन चार्जर आणि टेबल लॅम्पसाठी शेजारच्या पॉइंटवरून फाटा काढला तरी भागतं. पण तापणारी, फिरणारी किंवा तासन् तास चालणारी वस्तू असेल (गिझर, ओव्हन, एसी, वॉशिंग मशीन, हीटर), तर डीबीतून थेट स्वतंत्र लाइन आणा. एक्स्टेन्शन बोर्डावर एक्स्टेन्शन बोर्ड लागायला लागले की घर तेच सांगत असतं.

हिशेब सोपा आहे : वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ओट्यावर १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह, १५०० वॅटची इलेक्ट्रिक किटली आणि ८०० वॅटचा टोस्टर एकाच वेळी चालले तर ३५०० वॅट, म्हणजे १५.२ अँपिअर. १६ च्या सर्किटवर हे कागदावर बसतं, पण मी बसू देणार नाही. बराच वेळ चालणारा लोड एमसीबीच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवायचा, म्हणजे १६ वर १३ च्या आत. मायक्रोवेव्हच्या बाबतीत एक फसगत होते : मोठ्या अक्षरात छापलेले वॅट हे बहुधा आत मिळणाऱ्या उष्णतेचे असतात. भिंतीतून तो किती ओढतो ते मागच्या पट्टीवर बघा, तो आकडा बराच मोठा निघतो.

घराचा एकूण लोडही बघून घ्या. मंजूर भार आधीच काठोकाठ वापरला जात असेल, तर डीबीत नवा एमसीबी बसवून मेनच पडत राहील.

वायर आणि एमसीबी : जोडी जुळली पाहिजे

एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. हे एकदा डोक्यात बसलं की निवड चुकत नाही.

१६ अँपिअरचा एमसीबी १६ ला पडतो असा सार्वत्रिक समज आहे. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो १.१३ पट करंटवर, म्हणजे १८ अँपिअरवर, तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर झाले, तर तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे १८ ते २३ च्या मधल्या पट्ट्यात वायरला बराच वेळ तापत राहावं लागू शकतं. पाइपातून नेलेली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, भिंत कशी आहे त्यानुसार, साधारण १४ ते १७ अँपिअर पेलते, २.५ ची १९ ते २४. ४ ची २६ ते ३२. आता जोडी लावून बघा. १.५ च्या वायरवर १६ चा एमसीबी लावला, तर वायर तिच्या मर्यादेपलीकडे भाजत राहील आणि एमसीबी गप्प बसेल. म्हणून पॉवर पॉइंटला २.५ ची वायर आणि १६ चा एमसीबी. मोठ्या एसी-गिझरसाठी ४ ची वायर आणि २० किंवा २५ चा. एकाच पाइपात तीन-चार सर्किटं कोंबली तर हे आकडे आणखी खाली येतात, कारण सगळ्याच वायरी एकमेकींना तापवतात.

एमसीबी सारखा पडतो म्हणून वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणं हा उपाय नव्हे. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार आहे तो.

एमसीबीवर आकड्याच्या आधी बी, सी किंवा डी लिहिलेलं असतं. बी तीन ते पाच पट करंटला झटकन पडतो, सी पाच ते दहा पटीला, डी दहा ते वीस पटीला. नुसत्या तापणाऱ्या वस्तूंना बी चालतो. मोटर सुरू होताना क्षणभर बराच करंट ओढते. त्यामुळे एसी आणि वॉशिंग मशीनला सी. डी घरात सहसा लागत नाही.

अंतर लांब असेल तर व्होल्टेज किती पडेल तेही बघा. २.५ च्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरमागे ७.४ ओहम धरा. सॉकेट २० मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून ४० मीटर वायर, म्हणजे सुमारे ०.३ ओहम. १३ अँपिअरला ३.९ व्होल्ट पडतात, पावणेदोन टक्के. हे चालतं. हेच अंतर ५० मीटर झालं की पडणारे व्होल्ट साडेनऊच्या पुढे जातात. तिथे ४ ची वायर घ्यावी.

आरसीसीबी हा तिसरा भिडू. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, एवढंच तो मोजत असतो. ३० मिलिअँपिअरची तफावत होण्याआधीच, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीकडे निघाल्यावर, तो लाइन तोडतो. ओव्हरलोडशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून एमसीबीची जागा तो घेऊ शकत नाही. दोन्ही कामं एकात हवी असतील तर आरसीबीओ मिळतो. डीबीत जागा असेल तर नव्या सर्किटसाठी मी तोच घेईन : उद्या एका गिझरमधून गळती झाली तर अख्खं घर अंधारात जात नाही.

आधी बंद, मग पुन्हा खात्री

मेन बंद केला की काम संपलं, असं नाही. मेन स्विचच्या वरच्या, म्हणजे मीटरकडून येणाऱ्या टोकांवर फेज जिवंतच राहतो. डीबीचं झाकण काढलंत की पहिल्यांदा ती टोकं ओळखा आणि हात तिकडे जाणार नाही असं काहीतरी आडवं लावा. घरात इन्व्हर्टर किंवा सोलर असेल, तर मेन पाडल्यावरही काही लाइनी सुरूच राहतात. तो वेगळा बंद करावा लागतो. बंद केलेल्या एमसीबीवर चिकटपट्टी लावा आणि घरातल्यांना सांगून ठेवा. अर्ध्या कामात कुणीतरी 'वीज का गेली' म्हणून सहज खटका वर करतं.

खात्रीसाठी खिशातला निऑन टेस्टर पुरेसा नाही. तो तुमच्या अंगातून सर्किट पूर्ण करतो. लाकडी स्टुलावर, रबरी चपलेत किंवा उन्हात तो पेटलेला दिसतोच असं नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मल्टीमीटर घ्या. आधी चालू सॉकेटवर लावून तो नीट दाखवतोय ते बघा, मग बंद केलेल्या जागी लावा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या काळात मीटरच मेला असेल, तर ते तिसऱ्या वेळी कळतं. मोजायचं ते फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही.

रंगांवर विसंबू नका. जुन्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा हे फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. म्हणजे एका घरातला निळा जिवंत, दुसऱ्या घरातला न्यूट्रल. वर एखाद्या घाईतल्या हातानं हाताशी आली ती वायर वापरलेली असते, ते वेगळंच.

मार्ग, झिरी, पाइप

सॉकेट नेमकं कुठे हवं ते खडूनं भिंतीवर काढा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. हसू नका, कपाटाचं दार उघडल्यावर पॉइंट झाकला जातो, हे दुसऱ्या दिवशी लक्षात येतं. सिंक, शॉवर आणि गॅसपासून तो लांब ठेवा.

पाइप सॉकेटपासून सरळ वर किंवा सरळ आडवा न्या. तिरका कधीच नाही. रस्ता थोडा कमी होतो खरा, पण पाच वर्षांनी तिथे खिळा ठोकणाऱ्याला, बहुधा तुम्हालाच, भिंतीत वायर तिरकी आहे याची आठवण नसते. झिरी, म्हणजे पाइप बसवायला भिंतीत खाच, मारण्याआधी भिंतीतल्या जुन्या वायरी आणि पाण्याचे पाइप डिटेक्टरनं शोधा. कॉलम, बीम किंवा स्लॅबमध्ये झिरी मारू नका. आतली सळई कापली गेली तर ते नुकसान प्लास्टरखाली दडून राहतं. भाड्याच्या घरात किंवा फोडाफोड नकोच असेल तर वरून केसिंग पट्टी लावा. दिसायला बेताची, पण वायर कुठून गेलीय ते डोळ्यांना दिसतं. मला तर तो फायदाच वाटतो.

पाइपाचा आतला भाग वायरींनी चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये. २.५ च्या तीन वायरी २० मिलिमीटरच्या पाइपातून आरामात जातात. पुढे काही वाढवायचा विचार असेल तर २५ चा टाका. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो लावण्यापेक्षा लांब वळणाचा बेंड बरा. वायर ओढायला आधी पाइपातून स्प्रिंग घाला, टोकाला तिन्ही वायरी टेपनं निमुळत्या बांधा आणि एकानं ढकलत, दुसऱ्यानं ओढत पुढे न्या. अडलं तर हिसका देऊ नका. इन्सुलेशन सोललं जातं आणि ते मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावेपर्यंत दिसत नाही. पाइपात मध्येच जोड नको म्हणजे नकोच. लांबी कमी पडली तर पूर्ण वायर बदला, किंवा उघडता येईल असा जंक्शन बॉक्स बसवा. सॉकेटच्या खोक्यात दीडेक वीत आणि डीबीत चांगली हातभर वायर जास्तीची सोडा.

जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर निघाली, तर तांबं तिला पिळून जोडू नका. दोन धातूंचा तो जोड काळवंडतो आणि तापतो. नवं सर्किट डीबीतून थेट तांब्याचंच आणा.

सॉकेटची जोडणी, म्हणजे खरं काम

इथे घाई करू नका.

वायरचं टोक साधारण १० ते ११ मिलिमीटर सोला, किंवा सॉकेटच्या पाठीवर छापलेल्या मापाइतकं. ब्लेडनं नाही, स्ट्रिपरनं. ब्लेड तारेला चरा पाडतं आणि त्या जागी ती पुढे तुटते. सात तारांपैकी दोन तुटल्या तर टोक कापून पुन्हा सोला. भोकात मावत नाही म्हणून तारा छाटणं हा त्याहून मोठा गुन्हा : २.५ ची वायर आणलीत आणि टोकाशी ती १.५ ची करून टाकलीत. भोक मोठं असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. पुष्कळ बारीक तारांच्या वायरला लग, म्हणजे टोकावरची धातूची टोपी, दाबून बसवावा. टोकाला सोल्डर लावून ते कडक करण्याची युक्ती मात्र टाळा. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि वर्षभरात स्क्रू आपोआप ढिला पडतो. माझ्या त्या सॉकेटात नेमकं हेच झालं होतं. चांगलं काम करण्याच्या हौसेपायी मी टोकं सोल्डर केली होती.

वायर भोकात पूर्ण आत गेली का, बाहेर उघडं तांबं राहिलं नाही ना, आणि स्क्रूखाली इन्सुलेशन दाबलं गेलं नाही ना, हे तिन्ही बघा. इन्सुलेशनवर आवळलेला स्क्रू हाताला घट्ट लागतो, पण तांब्याला धरत नाही. मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन नीट आवळा, मग एकेक वायर धरून चांगली ओढून बघा. ओढल्यावर पुन्हा आवळा; तारा आत बसतात आणि स्क्रू बहुतेक वेळा पाव फेरा आणखी घेतो. त्या पाव फेऱ्यासाठीच तर ओढायचं. एमसीबीच्या टोकांना किती जोर लावायचा ते त्यावर छापलेलं असतं, सहसा २ न्यूटन-मीटरच्या आसपास. टॉर्क स्क्रूड्रायव्हर मिळाला तर उत्तम.

सॉकेटच्या मागे कोणती वायर कुठे ते अक्षरं बघून जोडा : एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, आडव्या रेघांचं चिन्ह म्हणजे अर्थ. समोरून उजवीकडे असलेलं भोक मागून डावीकडे येतं, त्यामुळे आठवणीवर जोडलं की उलटं होतं. स्विच फेजमध्येच हवा. न्यूट्रल तोडणारा स्विच उपकरण बंद करतो, पण आतला फेज जिवंत ठेवतो. खोकं धातूचं असेल तर त्यालाही अर्थ जोडा. आणि न्यूट्रलवरून अर्थचा फाटा काढण्याचा विचारही नको : न्यूट्रल कुठे तुटला, तर उपकरणाच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

डीबी सगळ्यात शेवटी

क्रम उलटा करू नका. सॉकेट, पाइप, वायर सगळं झाल्यावर आणि नवी लाइन तपासून झाल्यावरच ती डीबीत जायची, म्हणजे काम चालू असताना तिच्यात वीज येण्याची शक्यताच उरत नाही.

ही तपासणी अशी. पहिल्यांदा सलगता : एका टोकाला फेज आणि अर्थ एकत्र जोडून दुसऱ्या टोकाला मोजा, ओहम अगदी कमी यायला हवेत. वरच्या २० मीटरच्या लाइनीला ०.३ च्या आसपास. २ किंवा ३ दाखवलं तर कुठलातरी जोड ढिला आहे. मग न्यूट्रल आणि अर्थचंही तसंच. त्यानंतर तात्पुरते जोड काढा आणि ५०० व्होल्टचा मेगर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असा लावा. निदान १ मेगाओहम हवा, नव्या वायरिंगला तो शेकड्यांत येतो. मेगर लावताना यूएसबीवालं सॉकेट किंवा कुठलंही उपकरण लाइनीवर ठेवू नका, नाहीतर ते जळेल.

डीबीत फेज एमसीबीच्या खालच्या टोकाला, अर्थ अर्थच्या पट्टीवर, आणि न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या न्यूट्रल पट्टीवर, ज्याच्यामागे हा एमसीबी आहे. डीबीत दोन आरसीसीबी असले की इथे हमखास चूक होते. फेज एकातून गेला आणि न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीवर आला, तर उपकरण लावताच गळती आहे असं समजून आरसीसीबी पडतो, आणि माणूस दिवसभर ओल शोधत बसतो. पट्टीच्या एका भोकात एकच वायर.

वीज सुरू केल्यावर आधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. मग सॉकेटवर मोजा : फेज-न्यूट्रल २३० च्या जवळपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ २३० आलं म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं मात्र नाही. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका तारेवर लटकलेलं अर्थिंगही तो बरोबर दाखवतो. सी प्रकारच्या १६ च्या एमसीबीला झटक्यात पाडायला १६० अँपिअर लागतात, म्हणजे फेज-अर्थचा पूर्ण फेरा १.४४ ओहमच्या आत हवा. ते लूप टेस्टरच सांगतो, आणि तो वायरमनकडे असतो.

फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा दिवा लावून अर्थिंग बघायची जुनी सवय सोडा. आरसीसीबी असेल तर तो पडतो, आणि नसेल, वर अर्थची वायर पुढे तुटलेली असेल, तर त्या दिव्यातून गेलेला फेज अर्थला जोडलेल्या फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येऊन उभा राहतो.

शेवटी नव्या सॉकेटवर हीटर लावून अर्धा तास चालवा. बंद करा, प्लग काढा आणि लगेच पिनांना बोट लावा. कोमट चालेल, चटका बसला तर मेन पाडून सॉकेट पुन्हा उघडा. महिनाभरानं मेन पाडून सॉकेटचे आणि डीबीतले नव्या लाइनीचे स्क्रू एकदा आवळून घ्या. डीबीच्या झाकणाच्या आत लाइनीचं नाव, वायरची जाडी आणि तारीख मार्करनं लिहा. आमच्या झाकणावर पाचव्या ओळीत 'हीटर, २.५, सोल्डर नाही' असं लिहिलेलं आहे.